वीस चौकोन, पाच मापं

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी ठाण्यात नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये लांब टेबलावर एका गोधडीचे वीस चौकोन मांडले होते. सगळे एकाच चिठ्ठीवरून, एकाच नमुन्याचे, वेगवेगळ्या घरांत शिवलेले. चार आडवे, पाच उभे अशी मांडणी करायची आणि चहाच्या आधी पहिल्या दोन रांगा जोडून टाकायच्या, असा बेत होता. पहिल्या चौकोनाला दुसरा लावला तर खालून अर्धा इंच कमी पडला. तिसरा लावला तर तो अर्धा इंच वर गेला. चौथ्या चौकोनाच्या कडा मापात होत्या, पण तो टेबलावर सपाट बसेना, मधोमध पापडासारखा फुगला. मशीनला दोरा ओवून बसलेल्या ताईंनी दोरा काढून ठेवला.

या शिवणमंडळात बावीस सभासद आहेत. निम्म्याहून अधिक जणी नौपाडा-पाचपाखाडीतल्या, काही कळव्याच्या, दोघी ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीहून येणाऱ्या आणि घोडबंदर रोडचे एक निवृत्त काका. सभा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तीन ते सहा. हॉलचं भाडं आणि चहा मिळून माणशी पन्नास रुपये. एरवी सभेत पूर्ण झालेली कामं दाखवणं, अडलेली कामं सोडवणं आणि कतरणींची देवघेव चालते. गोखले रोड आणि राम मारुती रोडकडच्या ब्लाउज शिवणाऱ्या दुकानांतून पिशव्या भरून कतरणी येतात, त्या रंगांप्रमाणे वेगळ्या केल्या जातात. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून एक गोधडी करायची, ती जानेवारीच्या छोट्या प्रदर्शनात लावायची आणि मग एखाद्या वृद्धाश्रमाला द्यायची, असा शिरस्ता. यंदाची तीच. वीस जणांनी एकेक चौकोन घेतला, उरलेल्या दोघींनी अस्तर आणि गोट.

चिठ्ठी

जूनच्या सभेत प्रत्येकाला कापडाची पुडी आणि चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीवर मजकूर एवढाच: "नऊघरी. घर ४ इंच. तयार चौकोन १२ इंच. माया दोन सूत."

शिवण येणाऱ्या माणसाला ही चिठ्ठी पुरेशी वाटते, आणि घोळ तिथेच आहे. लिहिणाऱ्यांच्या मनातलं गणित असं होतं: तीन बाय तीन असे नऊ तुकडे, प्रत्येक ४½ इंच कापायचा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा दोन सूत माया, म्हणजे टिपेबाहेर कडेला राहणारं कापड, पाव इंच. चौकोनाच्या आत एका दिशेला दोन शिवणी येतात आणि प्रत्येक शिवण दोन्ही तुकड्यांची मिळून अर्धा इंच खाते. ४½ गुणिले तीन म्हणजे १३½, त्यातून एक इंच गेला की १२½. हा चौकोन शेजारच्यांना जोडला की कडेची मायाही आत जाते आणि तो बारा इंच दिसतो. म्हणजे 'तयार' शब्दाचा अर्थ 'गोधडीत बसल्यावर'. हातात येतो तेव्हा तो बाराचा नसतोच, साडेबाराचा असतो. चिठ्ठीत कापायचं माप एकदाही नाही, चारही आकडे शिवून झाल्यानंतरचे किंवा शिवताना लागणारे आहेत.

सॅन फ्रान्सिस्कोत १९८७ साली सुरू झालेल्या एड्स स्मृती गोधडीत हजारो अनोळखी लोकांनी फलक शिवून पाठवले आहेत. तिथे फलकाचं माप ३ फूट बाय ६ फूट असं पक्कं ठरलेलं आहे, आणि दुमडीसाठी चारी बाजूंनी जादा कापड ठेवा, ही सूचना मापाच्या शेजारीच येते. अनेक हातांच्या कामात माप सांगताना ते मायेसकट की मायेशिवाय, हे सांगितल्याशिवाय माप पूर्ण होत नाही.

उलटं करून पाहणं

त्या दिवशी मंडळाने एक गोष्ट फार चांगली केली. कोणाचा चौकोन कोणता हे न विचारता सगळे चौकोन आधी मोजले. प्रत्येक चौकोन तीन ठिकाणी आडवा आणि तीन ठिकाणी उभा: दोन्ही कडांना आणि मधोमध. एकीने मोजायचं, दुसरीने लिहायचं, आकडा टाचणीने चौकोनालाच टोचून ठेवायचा. वीस चौकोनांना पाऊण तास लागला.

आठ चौकोन १२½ भरले, सूतभर इकडेतिकडे. पाच भरले १२. दोन ११½, दोन ११, दोन १३. आणि एक तो फुगलेला, ज्याच्या कडा १२½ पण मध्यावर जवळजवळ १२⅞.

पाचही मापांत अर्ध्या-अर्ध्या इंचाचं अंतर आहे, हे वहीत लिहिणाऱ्या काकांच्या लक्षात आलं. नुसती हयगय असती तर आकडे कसेही पडले असते. असे पायऱ्यांनी पडले, तेव्हा कारणंही पायऱ्यांनीच असणार. "काकू, उलटे करून बघूया का सगळे?" असं एका मुलीने सुचवलं आणि चौकोन पालथे घातल्यावर उलगडा झाला.

बारा इंची पाचही चौकोनांच्या मागे माया तीन सूत होती. या पाचही जणींकडे घरगुती झिगझॅग मशीन आहे आणि पाचही जणींनी कापडाची कड मशीनच्या पायाच्या कडेला लावून टीप मारली होती. या मशीनचा पाय रुंद असतो. सुईपासून पायाच्या कडेपर्यंत पट्टी लावली तर तीन सूत भरलं. एकेक सूत जास्त म्हणजे शिवणीला पाव इंच, दोन शिवणींना अर्धा इंच. हिशोब जुळला.

साडेअकरा इंची दोन चौकोनांमागे माया चार सूत, म्हणजे अर्धा इंच, टिपा दोरी धरल्यासारख्या सरळ. हे दोन्ही मंडळातल्या सर्वात तयार हातांचे होते, एक तर शिवणाचे क्लास घेणाऱ्या ताईंचा. ब्लाउज शिवणारा हात अर्ध्या इंचाची माया डोळे मिटून घेतो. चिठ्ठीत दोन सूत लिहिलेलं त्यांनी वाचलंही होतं, पण टीप सवयीने पडली. वर्षानुवर्षं शिवणाऱ्यांनाच नव्या मायेचा पहिला धडा सर्वात जास्त लागतो, नवशिक्या बिचाऱ्या चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचून शिवतात.

अकरा इंची दोन चौकोनांमागे माया बरोबर दोन सूत! यांनी काहीच चुकवलं नव्हतं, फक्त 'घर ४ इंच' वाचून तुकडे चार इंचाचे कापले होते. बारा उणे एक, अकरा. गंमत अशी की साडेअकरा आणि अकरा या दोन्ही चौकोनांत मधलं घर समोरून मोजलं तर साडेतीन इंचच भरतं. समोरून पाहून चूक कापण्यातली की शिवण्यातली हे कळूच शकत नाही. आणि उपायासाठी तर तेच कळायला हवं: चार सूत माया असलेला चौकोन उसवून मोठा करता येतो, चार इंच कापलेल्यात सोडायला काही उरलेलंच नसतं.

तेरा इंची दोन्ही हातशिलाईचे होते. धावदोरा कडेच्या अगदी जवळून, माया जेमतेम एक सूत. काही ठिकाणी कापडाचे धागे टाक्यापर्यंत सुटत आलेले. "हे मोठे आहेत, कापून घेता येतील" म्हणून हे दोन चौकोन 'ठीक' या गठ्ठ्यात गेले. हा निर्णय चुकीचा होता, पण त्याची बाकी डिसेंबरात निघाली.

फुगलेला चौकोन जुन्या सुती साडीचा होता, विरळ विणीचा. तुकडे आडव्या-उभ्या धाग्यावर न कापता थोडे उरेब कापले गेले होते आणि शिवून झाल्यावर वाफेची इस्त्री जोरात फिरवली होती. उरेब कापड ताणतं. कडा शिवणींनी धरून ठेवल्या, मधला भाग पसरला.

हे घरच्या गोधडीत का होत नाही

मंडळातल्या बहुतेकींनी आजी-आत्यांना गोधड्या शिवताना पाहिलंय. तिथे कोणी इंच मोजत नव्हतं आणि गोधडी तरीही चौकोनी व्हायची. कारण तिथे ठिगळं एकमेकांना जोडली जात नाहीत. खाली अख्ख्या साडीचा किंवा धोतराचा थर असतो, ठिगळ त्यावर ठेवून कड आत दुमडायची आणि सगळ्या थरांतून टाका घ्यायचा. ठिगळ पाव इंच लहान निघालं तर शेजारचं थोडं पुढे सरकतं. माप सांभाळण्याचं काम खालची साडी करते.

चौकोन जोडण्याच्या पद्धतीत खालचा थर नंतर येतो. आधी नुसतं वरचं पान तयार होतं आणि त्यात प्रत्येक तुकड्याचं माप शेजाऱ्यावर अवलंबून. वर, एका हातात हे सगळं झालं तर चूकही एकसारखी असते. तीन सूत माया धरणारीने वीसच्या वीस चौकोन एकटीने शिवून जोडले असते तर गोधडी पावणेचार इंच आखूड आणि तीन इंच अरुंद झाली असती, पण जुळली असती. अडचण वीस हातांची होती.

चार उपाय, त्यातला एक

पहिला विचार सगळे अकराला कापायचा. साडेबाराच्या चौकोनाला प्रत्येक बाजूने पाऊण इंच गेला की कडेची घरं सव्वातीन आणि मधलं चार, नऊघरीचा तोलच जातो. शिवाय बरोबर शिवलेल्या आठ जणींचं काम कापायचं, हे कोणाला पटलं नाही.

दुसरा, ओढून-ताणून बसवणं. फूटभर लांबीत सूतभर फरक खरोखर मुरवता येतो: मोठं कापड खाली, मशीनच्या दातांकडे ठेवायचं, कारण दात खालचा थर किंचित जास्त आत घेतात. पण अर्धा इंच मुरत नाही, चुण्या पडतात.

तिसरा, उसवून पुन्हा शिवणं. नऊघरीत सहा आखूड शिवणी आणि दोन लांब. एक चौकोन उसवून, इस्त्री करून पुन्हा शिवायला दीड तास तरी जातो, जुन्या साडीचं कापड सीम रिपरने फाटतं आणि अकराच्या दोन चौकोनांना त्याचा उपयोगच नाही.

चौथा उपाय घेतला: प्रत्येक चौकोनाला चारी बाजूंनी पट्टीची चौकट द्यायची, लहानाला रुंद, मोठ्याला अरुंद, आणि मग सगळे एकाच मापाला कापायचे. चौकटींचं कापड सगळीकडे एकच ठेवायचं. तसं केलं की शेजारच्या दोन चौकटी मिळून एकच पट्टा दिसतो आणि त्यातली कमीजास्त रुंदी डोळ्यात भरत नाही. चौकटीला दोन रंग घेतले असते तर प्रत्येक चूक अधोरेखित झाली असती.

हिशोब सोपा आहे. पट्टी जोडताना चौकोनाची पाव इंच आणि पट्टीची पाव इंच माया जाते, म्हणजे दोन बाजूंचा मिळून एक इंच. १३ इंची चौकोनाला १½ इंचाच्या दोन पट्ट्या लावल्या की १३ अधिक ३ उणे १, म्हणजे १५. चौकोन अर्धा इंच लहान झाला की पट्टी पाव इंच रुंद करायची: १२½ला १¾, १२ला २, ११½ला २¼, ११ला २½. सगळे १५ भरतात. मग चारी बाजूंनी दोन-दोन सूत छाटून १४½. जोडल्यावर दिसणार १४. चार बाय पाच म्हणजे ५६ बाय ७० इंच. आधी कडेला सहा इंची काठ ठरला होता, तो दोन इंचांवर आणला. गोधडी ६० बाय ७२ ऐवजी ६० बाय ७४ झाली.

मांजरपाट

चौकटीला मांजरपाट घेतलं, बिनधुलाईचं. स्वस्त, सुती, आणि त्याचा पिवळसर पांढरा रंग कुठल्याही कतरणीशी भांडत नाही. तीन मीटर घेतलं, ३६ इंच पन्ह्याचं. काठासकट पुरून हातभर उरलं.

कोरं मांजरपाट तसंच वापरलं असतं तर याहून मोठा घोटाळा झाला असता. त्यात खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते भरपूर आटतं. कापडावर पेन्सिलीने ३६ बाय ३६ इंचाच्या खुणा केल्या, रात्रभर पाण्यात भिजवलं, सकाळी गरम पाणी आणि साबणाने धुतलं, वाळवून इस्त्री केली. लांबीच्या खुणा ३४ वर आल्या, पन्ह्याच्या ३५½ वर. ताण्याच्या, म्हणजे लांबीच्या धाग्यांच्या, दिशेला जास्त आटतं, कारण मागावर ताणा ओढून धरलेला असतो. न धुता चौकटी लावल्या असत्या तर जुन्या साड्यांचे चौकोन जागच्या जागी आणि भोवतीची चौकट आखडलेली, असे वीस फुगे तयार झाले असते.

त्याच दिवशी रंगाचीही तपासणी झाली, खरं तर ती जूनमध्ये कापड वाटण्याआधीच व्हायला हवी होती. पांढरी चिंधी ओली करून रंगीत तुकड्यावर ठेवायची आणि वरून गरम इस्त्री अर्धा मिनिट दाबायची. चिंधीवर रंग आला तर ते कापड जाणारं. एका लाल कतरणीने चिंधी गुलाबी केली. ती तीन चौकोनांत होती. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो, असं सभेत तिघींनी सांगितलं. होत नाही. मीठ रंगवताना रंग कापडात शिरायला मदत करतं, रंगवून झालेल्या कापडावरचा सुटा रंग ते धरून ठेवत नाही. व्हिनेगरचं तेच, त्याचा संबंध लोकर-रेशमाच्या रंगांशी, सुतीशी नाही. सुटा रंग काढून टाकणं एवढाच मार्ग. तिन्ही चौकोनांच्या कडेला हाताने टाके घातले, मोठ्या बादलीत कोमट पाणी आणि थोडा साबण घेऊन न चोळता बुडवले, पाणी बदलत राहिलो तसं चौथ्या पाण्याला स्वच्छ निघालं. पिळले नाहीत, टॉवेलवर सपाट पसरून वाळवले. पावसाळ्यात त्याला दोन दिवस लागले. तोवर बाकीचे चौकोन प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून सुती उशीच्या अभ्र्यात ठेवले, कारण ठाण्याच्या ऑगस्टमध्ये बंद पिशवीत सुती कापडावर काळे ठिपके पडायला आठवडा पुरतो.

चौकट लावणं

गणपतीच्या आधी एक जादा शनिवार घेतला. ठरवलं असं की चौकटी घरी द्यायच्या नाहीत. हॉलमध्ये तीनच मशीन, तिन्हींची माया तपासलेली. तपासायची रीत अशी: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापायच्या आणि लांबीने एकमेकींना जोडायच्या. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि तिन्ही मिळून साडेतीन इंच भरायला हवी. मधली एक इंचाहून कमी भरली तर माया जास्त पडतेय, जास्त भरली तर कमी. पट्टीने सुईपासून अंतर मोजण्यापेक्षा ही परीक्षा खरी, कारण शिवण उलगडून इस्त्री करताना घडीतही दोराभर कापड जातं आणि ते पट्टीला दिसत नाही. म्हणूनच माया दोन सुतांपेक्षा दोराभर कमी घ्यावी लागते. माप जमलं की सुईखालच्या पत्र्यावर, सुईच्या उजवीकडे, जुन्या व्हिजिटिंग कार्डांची चार-पाच पानांची चळत चिकटपट्टीने चिकटवायची. कापडाची कड त्या चळतीला घासत गेली की पायाकडे पाहायची गरज नाही.

आधी डाव्या-उजव्या पट्ट्या, मग माया पट्टीकडे वळवून इस्त्री, मग वरच्या-खालच्या. पट्टीची लांबी चौकोनाच्या कडेवरून घ्यायची नाही, मध्यावरून घ्यायची. कड ताणलेली असू शकते. पट्टी मापाची कापली आणि दोन्ही टोकं, मग मध्य, असं टाचणीने अडकवलं की पट्टीच चौकोनाला मापात आणते. फुगलेल्या चौकोनाला आधी पाणी शिंपडून, इस्त्रीच्या जाड कांबळ्यावर काटकोनात टाचण्या लावून, इस्त्री नुसती ठेवायची आणि उचलायची असं करून आटवलं. मध्यावर तो १२½ वर आला आणि त्या गटात गेला.

छाटताना एक पेच आला. मधलं घर एका चौकोनात साडेतीन, एकात पावणेचार, एकात सव्वाचार. मग छाटायला मध्य कसा धरायचा? टेबलावर घालतात तसल्या जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा १४½ इंची चौरस कापला आणि त्यावर दोन्ही कर्ण मार्करने आखले. मधल्या घराचे चारही कोपरे कर्णांवर आले की चौकोन मध्यावर आहे, घर कितीही मोठं-लहान असो. मग कडेने रोटरी कटर.

चार तासांत चौदा चौकोन झाले, उरलेले सहा सप्टेंबरच्या सभेत. रांगा जोडल्यावर प्रत्येक रांग ५६½ भरायला हवी होती. चार रांगा भरल्या, पाचवी सूतभर कमी, ती मुरवली.

थर

आत भरणासाठी बाजारचं वॅडिंग न घालता जुन्या नऊवारीचे दोन थर घातले, ठाण्याच्या थंडीला तेवढं पुष्कळ. नऊवारी ३२४ इंच लांब. गोधडीपेक्षा चारी बाजूंनी तीन इंच जास्त हवं, म्हणजे ६६ बाय ८०. साडीचा पन्हा ४५ इंच, तेव्हा एका थराला ८० इंचाचे दोन तुकडे शेजारी-शेजारी. दोन थरांना चार तुकडे, ३२० इंच. एक नऊवारी, बरोबर दोन थर. अस्तराला पाचवारीतून ८० इंचाचे दोन तुकडे निघाले आणि वर पदराचा तुकडा उरला. आतल्या थरांचे जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, वीतभर सरकवायचे, नाहीतर तिथे कणा लागतो.

ऑक्टोबरच्या सभेत फरशीवर अस्तर पालथं पसरून कडा चिकटपट्टीने ताणल्या, वर थर, वर पान. मुठीमुठीच्या अंतरावर कच्चे टाके घालायचे होते. वेळ कमी उरला म्हणून ते वीत-वीत अंतरावर घातले आणि चार बाजूंना चौघी बसून कडेपासून आत धावदोरा घालत निघाल्या. घरच्या गोधडीत असंच करतात, आणि एकटी बाई जुन्या मऊ साड्यांवर असं करते तेव्हा ती दर फेरीला हाताने कापड झाडून बसवत असते. इथे चारही बाजूंनी कापड मध्याकडे ढकललं गेलं आणि तासाभरात मधोमध परातीएवढा फुगा. कडेच्या सहा ओळी उसवल्या, कच्चे टाके मुठीच्या अंतरावर पुन्हा घातले, या वेळी मध्यापासून बाहेर. मग ४० उभ्या ओळी, दीड-दीड इंचावर, इंचाला पाच टाके. प्रत्येक ओळ ७४ इंच, म्हणजे एकूण ७५ मीटरच्या आसपास शिवण. दिवाळीपूर्वी जेमतेम निम्म्या झाल्या, उरलेल्या घरोघरी फिरून नोव्हेंबरअखेर. तपासलेल्या मरून कापडाचा अडीच इंची गोट दुहेरी दुमडून लावला, २८० इंच.

सभेत काय बदललं

सप्टेंबरपासून सभेची पहिली वीस मिनिटं दाराशीच मापाचं टेबल असतं. आणलेलं काम आधी तिथे, पालथं करून. नवी चिठ्ठी लांब झाली: "४½ इंचाचे नऊ तुकडे कापा. दीड इंची तीन पट्ट्यांची परीक्षा करा आणि ती पट्टी चौकोनासोबत आणा. शिवून झाल्यावर चौकोन हातात १२½ इंच भरेल." 'तयार' शब्द काढून टाकला. सोबत मापाचा एक नमुना चौकोन, सभेत फिरवायला. क्लास घेणाऱ्या ताईंनी स्वतःच्या मशीनवर कार्डांची चळत आता कायमची चिकटवली आहे आणि ब्लाउज शिवताना ती मध्ये येते म्हणून कुरकुरत असतात.

दोन-तीन जणींचं म्हणणं होतं की यापुढे तुकडे मध्यवर्ती कापूनच द्यावेत. त्याने अकराचे दोन चौकोन वाचले असते, बाकीचे नाहीत. शिवाय १८० तुकडे कापायला दोघींचा एक पूर्ण दिवस जातो. चिठ्ठी सुधारणं स्वस्त.

तेरा इंची दोन

डिसेंबरात प्रदर्शनाआधी गोधडी एकदा धुतली. बाथटब कोणाकडे नव्हता, गच्चीवर मोठ्या घमेल्यात, दोघींनी मिळून. धुण्याआधी भरलेली ६० बाय ७४ इंच गोधडी वाळल्यावर ५९ बाय ७२½ भरली, एवढं आटणं अपेक्षितच होतं. रंग कुठेच पसरला नाही. मांजरपाट सपाट राहिलं.

उघडले ते तेरा इंची दोन चौकोन. एकात दोन ठिकाणी, दुसऱ्यात एका ठिकाणी सूतभर माया धाग्याधाग्याने सुटून टाका कापडाबाहेर आला आणि खालची नऊवारी दिसू लागली. धावदोऱ्याच्या ओळी दीड इंचावर असल्यामुळे फट बोटभरच राहिली, पुढे गेली नाही.

ऑगस्टमध्ये हे चौकोन पालथे घातले होते, माया एक सूत आहे हे वहीत लिहिलंही होतं. पण टेबलावरचा प्रश्न मापाचा होता, आणि मोठा चौकोन म्हणजे सुरक्षित चौकोन असं धरलं गेलं. वीसांपैकी हेच दोन असे होते जे काही न उसवता दुरुस्त झाले असते. जुन्या टाक्याच्या एक सूत आतून मशीनची टीप मारायची, आठ शिवणी, चौकोनाला वीस मिनिटं. माया दोन सूत झाली असती आणि माप आपोआप साडेबारा. १३½ उणे १.

आता थर जोडलेले असल्यामुळे ते करता येत नाही. तिन्ही फटींवर त्याच लाल कतरणीच्या धुऊन घेतलेल्या तुकड्यांची ठिगळं लावली: कड पाव इंच आत दुमडून, फटीच्या चारी बाजूंनी इंचभर जास्त, सगळ्या थरांतून धावदोऱ्याच्या दोन फेऱ्या. आजीच्या गोधडीला लावतात तशीच.